खिशातला उजेड

वार्षिक प्रदर्शनात दीक्षाच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं आणि नेमके त्याच दिवशी नत्थूकाका कलादालनात आले. चित्रातला चेहरा त्यांचाच होता. कॉलेजच्या चित्रकला विभागात ते मॉडेल म्हणून बसायचे. पण बायको गेल्यापासून महिनाभर इकडे फिरकले नव्हते. त्यांना दारात पाहून दीक्षा चित्रापासून दोन पावलं मागे सरली.

परीक्षक चित्रापुढून हलायला तयार नव्हते. "पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून झिरपणारा हा निळसर उजेड! हे सुचलं कसं तुला?"

दीक्षाने मान वळवून सरांकडे पाहिलं. विभागप्रमुख सरच कौतुकाने म्हणाले, "काका त्या दिवशी दोन तास जागचे हलले नाहीत, म्हणून जमलं."

"त्याच दिवशी माह्या बायकोले अटॅक आला न, सर," काका म्हणाले. "माही पोरगी दवाखान्यातून फोन लावून लावून थकली. माहा फोन सायलेंटवर, मले काय मालूम? नाही तं शेवटची भेट तरी झाली असती."

बोलता बोलता त्यांनी चष्मा चढवला आणि ते चित्राजवळ गेले. त्यांचं बोट खिशातल्या त्या उजेडापाशी येऊन थांबलं.

"म्हंजे फोन तुले दिसून राहिला होता वं, पोरी?"