ब्रेकवरचा पाय

ब्रेकवरून पाय उचलला आणि इंजिन पुन्हा बंद पडलं.

मालोजी तसाच सीटवर बसून राहिला. सकाळपासूनची ही सहावी वेळ. किल्ली फिरवली की इंजिन लगेच लागायचं, ब्रेक सोडला की गप्प. कळंबजवळच्या या फार्महाउसवर तो अकरा वर्षं माळीकाम करत होता. गवत कापायचा हा छोटा विलायती ट्रॅक्टर त्याच्याशिवाय कधी कुणी चालवला नव्हता. आता ठाण्याहून मालकांचा फोन आला होता. रविवारपर्यंत चालू झाला नाही तर भंगारात द्या, गवत कापायला बाहेरची माणसं बोलावू.

शिळफाट्याहून आलेला रमजान मेकॅनिक गवतावर मांडी घालून बसला होता. आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने प्लग बदलला होता, कॉइल बदलली होती, टाकी धुतली होती. तरी रमजानने सगळं पहिल्यापासून बघितलं. प्लग काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि मालोजीला किल्ली फिरवायला सांगितली. निळी, खणखणीत ठिणगी पडली. पेट्रोल नीट येत होतं. एकही वायर सैल नव्हती.

“उतरा दादा, मी बसतो,” रमजान म्हणाला.

रमजान अंगाने चांगला भरलेला. त्याने ब्रेक सोडला आणि ट्रॅक्टर धडधडत निघाला. आंब्यांना वळसा घालून, मागे कापलेल्या गवताचा पट्टा सोडत परत आला. मालोजीची बायको विमलबाई चहा घेऊन आली होती, ती बघतच राहिली.

मालोजी घाईने चढून बसला. ब्रेक सोडला. बंद.

“बघ गं,” तो हळूच म्हणाला, “माझ्यावरच रुसलाय.”

रमजान आता इंजिनकडे नाही, मालोजीकडे बघत होता. तासाभरात मालोजी नळावर जाऊन तीनदा तांब्याभर पाणी प्यायला होता. दोनदा झाडांमागे जाऊन आला होता. पँट कमरेला सुतळीने आवळली होती आणि तरीही ती घसरत होती.

“पुन्हा चालू करा,” रमजान म्हणाला. या वेळी त्याने मालोजीच्या शेजारी सीटवर तळहात ठेवला आणि जोर देऊन दाबला. मालोजीने ब्रेक सोडला. इंजिन चालू राहिलं. रमजानने हात उचलला. इंजिन बंद. त्याने तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

“सीटखाली एक स्विच असतो,” तो म्हणाला. “वर माणूस बसलाय हे त्याला कळावं लागतं. नाय कळलं तर ब्रेक सोडला की तो ठिणगीच तोडतो. चालवणारा पडला तर खाली पातं फिरत राहू नये म्हणून.”

“मग स्विच बिघडलाय?”

“स्विच चांगला हाय. दादा, तुमचं वजन किती?”

मालोजी खाली बघू लागला. बोलली ती विमलबाई. “गणपतीपासनं उतरत चाललेत, भाऊ. चार-चार भाकऱ्या खातात, पण आंगाला लागत नाय. रात्री उठउठून पाणी पितात.”

“गप गं. वय झालं माझं.” मग थोडं थांबून तो रमजानला म्हणाला, “सायबांच्या कानावर गेलं तर दुसरा माणूस बघतील.”

“माझ्या बायकोचं, शहाजादीचं असंच झालं होतं,” रमजान म्हणाला. “आमीपण उन्हाळा हाय म्हणून सोडून दिलं. लय उशिरा गेलो दवाखान्यात. आता बरी हाय, पण एक डोळा गेला तिचा.”

विमलबाईच्या हातातला चहा निवून गेला.

“दोन वायरी जोडल्या,” रमजान म्हणाला, “की हा आत्ता चालू होईल, कुणीपण बसलं तरी. पण मी त्या जोडणार नाय. तुमी उद्या कर्जतला दवाखान्यात जाऊन या.”

त्याने तिथूनच मालकांना फोन लावला. मशीनला काहीही झालेलं नाही, भंगारात देऊ नका, मालोजीदादा आजारी आहेत, ते बरे होईपर्यंत दर रविवारी गवत मी कापून जाईन, असं सरळ सांगितलं. पलीकडून मालक बराच वेळ काहीतरी बोलत होते. फोन ठेवल्यावर रमजानने निरोप सांगितला, “विचारत होते, मला का नाय सांगितलं म्हणून. आणि म्हणाले, उद्या नाय, आजच जा.”

कर्जतच्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईने मालोजीच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. यंत्रावरचा आकडा तिने दोनदा बघितला.

“साडेपाचशे साखर आहे. आजच दाखल करून घेते,” ती म्हणाली. “अजून आठवडा घरी काढला असता, तर बाबा, तुम्हाला बेशुद्ध उचलून आणावं लागलं असतं. आता घाबरू नका. औषध वेळेवर घ्या, वजनही हळूहळू येईल.”

विमलबाईने पदराने डोळे पुसले आणि कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेतला. मालोजीच्या खांद्यावर तिने हात ठेवला, तो तिथेच राहू दिला.

डॉक्टरीणबाईने केसपेपर पुढे ओढला. “वेळेत पाठवलं हे फार बरं झालं. कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं?”

मालोजीने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला,

“डॉक्टरनं नाय, बाई. ट्रॅक्टरनं.”