लाल फडक्यातली वही

"वाचत नाही," म्हणत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या श्रावणने तिसरी फ्लॉपीही बाहेर काढली.

तो सकाळीच नागपूरहून नवी डिस्क घेऊन सौंसरला आला होता. संत्रा सोसायटीच्या कॉम्प्युटरची जुनी डिस्क काल दुपारी विजेच्या झटक्यात जळाली होती. तिचे सी आणि डी असे दोन भाग होते. नवीत नुसता सी.

त्याने फ्लॉपी उजेडात धरली. तिच्या उघड्या खाचेतून कुंकू भुरभुरलं.

कॉम्प्युटर चालवणारी वंदना टेबलावर पडलेलं कुंकू घाईने पुसू लागली. पाच दिवसांपूर्वी, दसऱ्याला, तिनेच कॉम्प्युटरला हार घातला होता आणि बॅकअपच्या फ्लॉप्यांनाही मनोभावे हळदकुंकू वाहिलं होतं. नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते, तीही कच्ची.

अध्यक्ष भैय्याजी दारातच उभे होते. "उद्या पांढुर्ण्याले वॅगन लागते. तीनशे बारा जणायचा माल. कोणाचा कोणत्या वॅगनात, सांग आता."



कोपऱ्यात जुने कारकून नत्थूजी सुपारी कातरत होते. हे यंत्र आलं आणि त्यांची वही बंद झाली, तेव्हापासून त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. रोज वंदनाच्या मागे उभं राहून खोचक प्रश्न विचारायचे. "एकच गोष्ट दोनदा कायले ठेवून राहिली? तुया डब्याले इसर पडते का?"

"जळलं तर परत घालता येते, नत्थूजी. फक्त कुठं घालाचं, थे सांगा लागते," ती बिचारी हसून समजवायची.

"हूं."

सगळे गेले की ते कुलूप लावायचे आणि लाल फडक्यातलं बोचकं काखेत मारून घरी, रामाकोन्याला जाणारी गाडी धरायचे. आत काय आहे ते कोणी पाहिलं नव्हतं, पण म्हातारा चोरून वही लिहितो, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं.

"नत्थूजी, काढा तुमची वही," भैय्याजी म्हणाले. "हा डबा उद्याच वापस. अन् वंदना, तू बी..."

वंदनाचे डोळे भरून आले.

नत्थूजींनी सावकाश अडकित्ता ठेवला, बोचकं मांडीवर घेतलं, गाठ सोडली. आत पोळ्यांचा डबा होता. डब्यात तीन फ्लॉप्या, वर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात परवाची तारीख.

"घाल पोरी," ते म्हणाले. "अन् जुनी जागा नोको सांगू. थे ‘डी’ मागन, तू ‘सी’ दे."