रस्त्याचा मध्य

लोकशाहीचा पाया सामान्य माणूस घालतो. टोलेडो शहरातल्या या वस्तीत तो चर्चच्या तळघरात घातला गेला, कारण तिथे कॉफी फुकट होती.

माणसं जमवली लोरेन डिट्मारने. तिच्या घरासमोरून ट्रक सुसाट जात. तिचा कुत्रा त्यातल्याच एकाखाली गेला होता. कोपऱ्यावर गाड्यांना थांबायला लावणारी 'स्टॉप'ची पाटी लावा म्हणून ती महापालिकेत गेली, तर उत्तर मिळालं, एकट्यादुकट्याचं आम्ही ऐकत नाही, रहिवासी संघ काढा. मग ती लिंबाच्या वड्या घेऊन दारोदार फिरली.

सभा झकास चालली. लोरेनच्या समोरच्या घरातला एड प्रुइट, एरवी तिचं गवत कापायचं यंत्र मागून नेणारा, अध्यक्ष झाला. पहिला नियम लोरेननेच मांडला: हद्दीबाहेरच्याने सभेत तोंड उघडायचं नाही. बाहेरगावी राहून इथली घरं भाड्याने देणाऱ्यांचा तेवढाच बंदोबस्त. एकमताने मंजूर. मग तिनेच हद्द वाचली. उत्तरेला रूळ, पूर्वेला शाळा, दक्षिणेला नदी, पश्चिमेला व्हिटलॉक रस्त्याचा मध्य. हद्द रस्त्याच्या मधूनच काढायची, इथली पद्धतच तशी. पहिला हात तिचाच वर गेला.

पुढचा विषय पाटीचा. लोरेन उठली, तेवढ्यात मागच्या रांगेतून ओडेसा व्हिटफील्डने विचारलं,

"लोरेन, तू व्हिटलॉकच्या पलीकडच्या बाजूला ना गं?"

लोरेनने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. मग तिथे आणखी काही दिसेल अशा आशेने जवळ जाऊन पाहिलं.

"चुकलं, दुरुस्त करू या की," ती म्हणाली.

एडचा चेहरा पांढरा पडला होता, पण खुर्ची अध्यक्षाची होती.

"मॅडम, आपण हद्दीबाहेरच्या आहात. आपल्याला बोलता येणार नाही."

"आपण? अरे एड, सकाळी माझ्या ओट्यावर बसून 'अगं लोरेन' करत होतास."

"मॅडम, कृपया."

ती खाली बसली. मांडणारं कुणी नाही म्हणून पाटीचा विषय वगळण्यात आला आणि सभा नाताळच्या रोषणाईकडे वळली. निघताना कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला, की तुमच्या बाजूचाही एक संघ काढा ना.

त्या बाजूला लोरेनचं घर सोडलं तर नुसती दफनभूमी आहे.