माणसाचा फोटो

"पुन्हा जिनाच!" चष्मेवाल्यानं फोटो टेबलावर आपटला. "अगं, घरात बघण्यासारखं दुसरं काहीच नाही का?"

बायको काही बोलली नाही. जिन्यावरून पडल्यापासून तिची वाचाच बसली होती. हाड जुळलं, टाके सुकले, पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी समुपदेशक बाईंनी तिच्या हातात फोटो लगेच छापून देणारा कॅमेरा ठेवला. "बोलता येत नाही ना, मग दाखवा," म्हणाल्या.

तेव्हापासून चष्मेवाल्याच्या जिवाला घोर. गिऱ्हाईक सोडून, दुकान अर्ध्यावर टाकून तिला बागेत न्यायचं, बाजारात न्यायचं. तिथं फुलं, फुगे, पोरंटोरं. आणि ही घरी येऊन दाराच्या कडीचा फोटो काढणार, नाहीतर त्याच्या बुटांचा.

"पालथ्या घड्यावर पाणी," तो शेजारच्या मावशींपाशी वैतागला.

"असा नवरा मिळायला भाग्य लागतं," मावशी म्हणाल्या. "दुसरा असता तर माहेरी धाडून मोकळा झाला असता."

डॉक्टरांनी तर आधीच हात टेकले होते. पडण्याच्या आसपासचं तिला बहुधा कधीच आठवणार नाही, असं ते म्हणाले होते. चष्मेवाल्यानं ते पुन्हा विचारून खात्री करून घेतली होती. न का आठवेना! निदान "चहा घ्या" एवढं तरी म्हणावं. मुक्या घरात त्याचा जीव गुदमरत होता.

"वस्तू पुरे झाल्या," समुपदेशक बाई एकदा म्हणाल्या. "आता एक माणूस."

"माझाच काढ ना." घरी येताच तो केस सारखे करून खिडकीशी उभा राहिला. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. पहिला फोटो हलला, दुसऱ्यात डोकंच उडालं.

"नीट धर! एवढंसुद्धा जमत नाही?" तो खेकसला. मग स्वतःला आवरून हसला.

तिनं श्वास रोखला. या वेळी फोटो स्वच्छ आला.

त्याला केवढा आनंद झाला! दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन बाईंकडे गेला आणि फोटो स्वतःच्या हातानं त्यांच्यापुढं ठेवला.

"वा! कोण आहेत हे?" बाईंनी तिला विचारलं.

तिनं फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. ओठ हलले. घशातून घोगरा आवाज आला. चष्मेवाला पुढं वाकला. "बोल, बोल ना!"

"ह्यांनी ढकललं."