थांब ना, थांब ना

ढोल सुरू झाला, मग पिपाणी, मग एक बाई किंचाळली, ‘थांब ना, थांब ना!’ आणि चष्मेवाल्याने फोन कानापासून असा लांब धरला की जणू चावतोय.

“ऐका, ऐका!” तो काउंटरपलीकडच्या मास्तरांना म्हणाला. “ही माझी सख्खी ताई. वय साठ. तीन दिवसांनी ऑपरेशन. आणि फोन लावला की हे!”

मास्तर फ्रेम घालून आरशात बघत होते. “हे तुम्ही म्हणताय?” ते म्हणाले आणि खो खो हसले.

“मी नाही तर कोण म्हणणार?” चष्मेवाला म्हणाला आणि त्याने फोन कापला. बाई एवढं ‘थांब ना’ म्हणत होती, पण हा कसला थांबतोय!

खरं तर फोन लावायलाच त्याला दोन वर्षं लागली होती. वडील शेवटी आजारी पडले तेव्हा ताई त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. ह्याला विचारलंच नाही. वडील तिकडेच वारले. तेव्हापासून ह्याने तोंड फिरवलं ते फिरवलंच. ताईचा फोन आला की हा नाव बघायचा आणि फोन उपडा करून ड्रॉवरमध्ये टाकायचा. आधी रोज यायचा, मग आठवड्यातून एकदा. पण येत राहिला.

आणि सोमवारी सकाळी भाचीचा आला.

“मामा, गुरुवारी आईच्या घशातली स्वरपेटी काढणार आहेत. गाठ आहे तिथे. आई वाचेल म्हणालेत डॉक्टर. पण आवाज जाईल. कायमचा. त्याआधी एकदा बोला ना तिच्याशी.”

त्याने हातातली फ्रेम उगाच पुसली.

“मी देऊ का तिला फोन?”

“नको. तू मध्ये पडू नकोस. मी लावतो माझा मी.”

आणि त्याने लावला. खरंच लावला. पण ढोल!

“अगं, माणसाने बोलायचं काय ते ठरवून फोन लावावा,” तो गल्ल्यावरच्या बायकोला म्हणाला, “‘ताई, चुकलो’ असं ओठावर यावं, आणि समोर वरात! सगळा मूडच जातो.”

“अहो, एवढंसं तर गाणं. उचलेपर्यंत कळ काढा की.”

“कळ काढू? दोन वर्षं मी इकडे कुढतोय आणि बाईसाहेबांच्या फोनवर पिपाण्या!”

“तुम्ही कुढताय हे तिला कसं कळणार? कळवलंत कधी?”

तो काच घासायला बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ताईच असणार, आणि हिच्यासमोर तिच्याशी बोलणं नको, म्हणून नाव न बघताच त्याने तो उचलला आणि दाराबाहेर पळाला. तर मोबाइल कंपनीची बाई, आहे ती सेवा पुढे ठेवायची का म्हणून विचारत. “हो, हो, ठेवा,” तो म्हणाला. कुठल्याही कंपनीची बाई बोलायला लागली की तो एवढंच म्हणायचा. विषय संपायचा.

मंगळवारी दुपारी त्याने परत लावलं. ढोल, पिपाणी, ‘थांब ना’. त्याने मनात दहा अंक मोजले. सातव्यालाच कापला.

बुधवारी संध्याकाळी मात्र ताईचाच आला. स्क्रीनवर ‘ताई’. चष्मेवाल्याच्या हातात काच, चाक फिरतंय, नळीतून पाणी पडतंय. अशा वेळी हात काढला की काच गेली.

“घ्या ना!” बायको ओरडली.

“ही एवढी काच झाली की मीच लावतो. नीट बसून बोलतो.”

काच झाली. त्याने हात पुसले, खुर्ची ओढली, घसा खाकरला आणि लावला. ढोल. तो थांबला. पिपाणी. तो थांबला. बाई पुन्हा पुन्हा किंचाळत राहिली, हा डोळे मिटून बसून राहिला, आणि पहिल्यांदाच अख्खं गाणं संपेपर्यंत त्याने ऐकलं. फोन कुणीच उचलला नाही. तिला ऑपरेशनच्या तयारीसाठी आत नेलं होतं, असं भाचीने नंतर सांगितलं.

रविवारी तो दवाखान्यात गेला. ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती, गळ्याला पट्टी, मांडीवर लिहायची पांढरी पाटी. ह्याला बघून तिचे ओठ हलले. बाहेर नुसती हवा आली.

तो स्टुलावर बसला आणि रडायलाच लागला. “ताई, मी तीनदा लावला गं. आईशप्पथ. ते तुझं घाणेरडं गाणं लागायचं आणि माझं डोकं फिरायचं. कशाला ठेवलंस असलं? ते नसतं तर बोललो असतो मी. तुझा आवाज ऐकला असता.”

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. मग आवाज न करता हसली. खांदे हलले तेवढेच. तिने उशाचा आपला फोन घेतला, एक नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्यासमोर धरला.

चष्मेवाल्याचा खिसा थरथरला.

ताईच्या फोनमधून ढोल सुरू झाला. मग पिपाणी. मग ती बाई.

तो खिशाकडे बघत राहिला. ताईने पाटी ओढली आणि सावकाश लिहिलं, “तू उचलायचा नाहीस, तेव्हा रोज हेच ऐकत बसायचे. एक बटण दाबलं की तेच गाणं आपल्या फोनलाही मिळतं म्हणे. मग तुझंच घेतलं.”