बदाम की व्हॅनिला

लंबूने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि ती एकदा खाकरली.

म्हणजे जमलं होतं. दोनदा खाकरली असती तर व्हॅनिला कमी पडली, असा अर्थ. काटेबाईने पातेलं उतरवलं आणि क्रीम गाळायला घेतलं. पलीकडे सर करपलेल्या कॅरॅमलवरून कुणाची तरी खरडपट्टी काढत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

पेस्ट्रीच्या शाळेत तिला सगळे काटेबाई म्हणत, कारण चिमूटभर मीठसुद्धा ती वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय घालत नसे. लोकांना वाटे, स्वभाव असेल. खरं कारण फक्त लंबूला ठाऊक होतं. दोघी एका खोलीत राहत. दुसऱ्या वर्षी काटेबाईला ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेला गोड, खारट, आंबट कळे. बाकी सगळा पुठ्ठा. तेव्हापासून दोघींत मिळून एकच नाक होतं, लंबूचं.

आईलाही तिने सांगितलं नव्हतं. बाबा गेल्यापासून आई एकटी. तिच्या जिवाला आणखी घोर कशाला?

शेवटच्या सुट्टीत ती घरी गेली. आईने दूध तापत ठेवलं आणि ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. काटेबाई ओट्याशीच वही वाचत बसली होती. आई धावत खाली आली तोवर पातेलं कोळसा झालं होतं.

"अगं, इथेच बसली होतीस ना?"

"वाचनात लक्ष होतं."

आई तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग पातेलं घासायला घेत म्हणाली, "पहिली आलीस तर त्या समुद्रापलीकडच्या हॉटेलात जाणार म्हणे?"

"एकच जागा आहे. सर ज्या मुलीचं नाव पाठवतील तिला मिळेल."

"तू गेलीस की हे घर खायला उठेल गं मला."

"वर्षातून दोनदा येईन की."

आईने नळ मोठा सोडला.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना लंबू सरांच्या केबिनमधून बाहेर पडताना दिसली. मान खाली, कान लाल. काटेबाईने हाक मारली, पण ती थांबली नाही.

दुपारी सरांनी काटेबाईला बोलावलं. टेबलावर क्रीमच्या दोन वाट्या होत्या.

"एकीत बदामाचा अर्क आहे, एकीत व्हॅनिला. चाखून सांग."

तिने दोन्ही चाखल्या. दोन्ही गोड. उजवीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ही व्हॅनिला."

सरांनी दोन्ही वाट्या बाजूला सारल्या. "दोन्हीत बदामच आहे," ते म्हणाले. "तुझ्या हातात कला आहे. परीक्षेला बस, प्रमाणपत्र मिळेल. पण हॉटेलला तुझं नाव मी पाठवू शकत नाही. तिथे तुझ्यासाठी कोण चाखणार?"

"कुणी सांगितलं, सर?"

"ते विचारू नकोस."

खोलीत लंबू कपड्यांच्या घड्या घालत होती.

"जागा हवी होती तर मला सांगायचं होतंस," काटेबाई म्हणाली. "मी दिली असती."

"मी नाही सांगितलं."

"मग भिंतीने सांगितलं? केबिनमध्ये कशाला गेली होतीस?"

"सरांनी बोलावलं होतं."

"कशाला?"

लंबूने हातातली घडी मोडून परत घातली. "ते सोड," ती म्हणाली.

"वर्षभर माझ्या ताटातलं चाखलंस आणि त्यातच माती कालवलीस. यापुढे माझ्याशी बोलू नकोस."

संध्याकाळी तिने आईला फोन लावला. हुंदक्यांमुळे धड बोलता येईना. "नाव कापलं माझं. नाकाचं कळलं सरांना. लंबूने सांगितलं."

"तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही."

"मग झालं तर. जागा एकच म्हटल्यावर कसली आलीय मैत्री? रडू नकोस, बाळा. घरी ये. मी आहे ना."

आईचा आवाज इतका मऊ होता की तिला आणखीच रडू आलं.

परीक्षेच्या दिवशी दोघींची टेबलं शेजारी आली. काटेबाई क्रीम ढवळत असताना पलीकडून दोनदा खाकरल्याचा आवाज आला. व्हॅनिलाची बाटली हाताशीच होती. तिने मुद्दाम झाकण उघडलं नाही.

निकाल लागला. लंबू पहिली आली, काटेबाई चौथी. हॉटेलची जागा अर्थातच लंबूला मिळाली.

प्रमाणपत्रं देण्याच्या समारंभाला आई खास नवे बूट घालून आली होती. काटेबाई पांढऱ्या कोटात मंचावर गेली तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या आईच्याच होत्या. मागच्या दाराशी लंबू बॅग घेऊन उभी होती. तिची गाडी तासाभरात होती. "येते मी," ती लांबूनच म्हणाली. काटेबाईने तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं तेव्हा दाराशी कुणी नव्हतं.

"गेली ब्याद," आई तिच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाली. "चल, आपण घरी जाऊ."

तेवढ्यात सर गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे आले.

"सर, ही माझी आई."

"नमस्कार," आई घाईने म्हणाली. "गाडीची वेळ होतेय, निघतो आम्ही."

"अरे, आवाज ओळखला मी!" सर हसले. "फोनवर बोललो होतो ना आपण? तुम्ही वेळेवर कळवलंत म्हणून बरं. तुमचा फोन ठेवला आणि मी लगेच हिच्या मैत्रिणीला बोलावून विचारलं, तर ती शपथेवर सांगत होती, हिला सगळे वास येतात म्हणून. पण मी तिला म्हटलं, आई कशाला खोटं बोलेल?"