जाळीला अडकलेली लोकर

लोकांनी मधूनच रस्ता ओलांडू नये म्हणून दुभाजकावर लावायची ती जाळी. चाचणीच्या मैदानात तिच्यावर मुद्दाम रिकामी गाडी आदळवून तिचे तुकडे उडतात का, एवढंच आम्ही तपासायचं.

जाळी दरवेळी कोरी करकरीत. तरी प्रत्येक धडकेनंतर तिच्या टोकाला हिरवी लोकर अडकलेली दिसायची. दादाच्या स्वेटरची. मीच विणला होता. तोच घालून दादा असाच एक दुभाजक ओलांडताना गेला.

"जाळी पास! सुटलो बुवा," साहेब म्हणाले.

"वरचा बोल्ट सैल वाटतोय, साहेब. अजून एकदा घेऊ या ना," मी चक्क थाप मारली.

गाडी आदळली. मी धावले. या वेळी धागा तुटलेला नव्हता. जाळीपलीकडे, रिकाम्या मैदानात लांबवर गेला होता.

मी हळूच ओढला.

पलीकडूनही कुणीतरी ओढला.